शहरांची हवा : धूर, डोंगर आणि वारा

जगभरातल्या शहरांच्या हवेची तुलना प्रामुख्याने एका मोजमापावरून होते : एका घनमीटर हवेत २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण किती मायक्रोग्रॅम आहेत. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. इतके सूक्ष्म कण नाकात अडत नाहीत. ते फुप्फुसांत खोलवर जातात, काही तर रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली वार्षिक सरासरीची मर्यादा १० वरून ५ वर आणली. भारताची मर्यादा ४० आहे आणि दिल्लीची सरासरी १०० च्या आसपास.

तुलना करताना मोबाइलवर दिसणाऱ्या हवेच्या गुणवत्ता निर्देशांकावर मात्र विसंबू नये. चोवीस तासांची सरासरी ६० भरली, तर भारतीय निर्देशांकात ती हवा ‘समाधानकारक’ ठरते. अमेरिकेच्या निर्देशांकात तीच हवा सर्वांसाठी अपायकारक मानली जाते. देशोदेशींची हवा ताडून पाहायची, तर मायक्रोग्रॅमच पाहावेत.

हा आकडा किती धूर निघतो यावर ठरतो, तसा शहर कुठे वसले आहे यावरही. मंगोलियाची राजधानी उलानबातर तूल नदीच्या खोऱ्यात, डोंगरांच्या मधोमध आहे. जगातली ही सर्वांत थंड राजधानी; हिवाळ्याच्या रात्री पारा उणे ३० च्याही खाली जातो. शहराच्या कडेने नमद्याच्या गोल तंबूंच्या, म्हणजे ‘गेर’च्या वस्त्या पसरल्या आहेत. प्रत्येक गेरच्या मध्यभागी लोखंडी शेगडी, तिचे धुराडे छतातून वर काढलेले. जमिनीलगतची हवा गारठून जड होते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि शेगड्यांचा धूर खोऱ्यातच कोंडतो. २०१९ मध्ये तिथे कच्चा कोळसा जाळण्यावर बंदी आली आणि लोकांना त्याऐवजी प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या वड्या मिळू लागल्या. त्या कडाक्यात शेगडीच विझवा, असे कुणाला सांगता येणार?

मेक्सिको सिटीही अशाच खोलगट जागी, पण २,२४० मीटर उंचीवर आहे. तिथल्या प्रखर उन्हात वाहनांच्या धुरापासून ओझोन हा अपायकारक वायूही तयार होतो. मुंबईला समुद्राचा मोठा आधार : दिवसा समुद्रावरून येणारे वारे हवा पालटतात. हिवाळ्यात ते मंदावले, की बांधकामांची धूळ आणि धूर शहरावरच रेंगाळतात.

बीजिंगच्याही उत्तरेला आणि पश्चिमेला डोंगर आहेत. २०१३ साली तिथली सरासरी ९० च्या घरात होती. मग कोळशाचे बॉयलर काढले गेले, कारखाने हलले, मोठी वीजकेंद्रे गॅसवर आली. याची झळ गरिबांना बसली : २०१७ च्या हिवाळ्यात उत्तर चीनमधल्या कित्येक गावांत कोळसा बंद झाला, पण गॅस पुरेसा पोचला नाही आणि माणसे थंडीत कुडकुडत राहिली. डोंगर आहेत तिथेच आहेत. २०२२ मध्ये बीजिंगची सरासरी मात्र ३० वर आली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ती तेव्हाही सहापट होती.