साच्याविना घडलेलं विमान

लाँग-इझी विमानाचा पंख कापायला दोघं लागतात. फोमच्या निळ्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकायच्या, त्यांवर ओळीनं आकडे घालायचे. विजेवर तापलेली तार दोघांनी धरायची. एकानं आकडा पुकारला की दोन्ही टोकं एकाच वेळी तिथं पोचली पाहिजेत. एक जण रेंगाळला तर पंख वाकडा. कापलेल्या फोमवर मग काचतंतूंचं कापड अंथरायचं, त्यात इपॉक्सी मुरवायचं आणि जादाचं रबरी पट्टीनं निपटून काढायचं.

एरवी फायबरग्लासचं विमान म्हणजे आधी साचा, आणि साचा परवडायचा तर विमानं बरीच काढायला हवीत. गॅरेजमध्ये एकच विमान बांधणाऱ्यानं करायचं काय? कॅलिफोर्नियातल्या मोहावीचे बर्ट रुटान यांनी साचाच वगळला. १९७५ मध्ये त्यांचं व्हेरीइझी उडालं, १९७९ मध्ये थोरलं लाँग-इझी. ते विकत होते विमानाचे आराखडे. बांधणी ज्याची त्यानं करायची.

रूपही जगावेगळं. इंजिन आणि पंखा मागे, छोटा पंख पुढे. वेग फार घटला की आधी पुढच्या पंखाची उचल संपते, नाक आपोआप खाली येतं, वेग परत मिळतो आणि मोठ्या पंखाची उचल शाबूत राहते. मात्र पावसाचे थेंब बसले की सुरुवातीच्या पुढच्या पंखाची उचल कमी व्हायची. जॉन रोंझ यांनी त्याचा आकार नव्यानं आखल्यावर ही खोड गेली. वैमानिक उतरला की मागचं वजन भारी पडतं, म्हणून पुढचं चाक आत ओढून विमान नाकावर टेकवून ठेवतात.

घरच्या बांधणीला दुसरी बाजूही आहे. गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये ज्या लाँग-इझीच्या अपघातात गेले, त्यात इंधनाची टाकी बदलायची कळ बांधणाऱ्यानं आराखड्यातली जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिच्याकडे वळण्याच्या धडपडीत विमानावरचा ताबा सुटला, असं तपासात निघालं.

रुटान यांनी १९८५ मध्ये आराखडे विकणं थांबवलं. पण मोजकी माणसं नव्या घाटाचं एकुलतं एक विमान बांधू शकतात, हे तोवर सिद्ध झालं होतं. न थांबता, वाटेत इंधन न भरता १९८६ मध्ये नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारं त्यांचं व्हॉयेजर असं एकच बनलं. २००४ मध्ये अंतराळाच्या सीमेपलीकडे गेलेलं स्पेसशिपवनही एकच. एका लाँग-इझीला तर २००१ मध्ये रॉकेट इंजिनं लावून उडवलं. अशी विमानं खपतील का, हा हिशेब कुणाला मांडावाच लागला नाही.