पिशवी काढण्याआधी तुकडा तपासा

शेतकरी बंधूंनो, लावणीच्या घाईत घरची बाई आपलं दुखणं सांगत नाही. सांगितलं तरी "भात घरात येऊ दे, मग बघू" असं आपणच म्हणतो. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जाणे, अंगावरून घाण वासाचे पांढरे जाणे, ही गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लक्षणे असू शकतात.

हा रोग पहिल्या अवस्थेत सापडला तर बहुतेक बायका बऱ्या होतात. मात्र कोणी "पिशवी काढून टाकू" म्हटलं, तर आधी तुकड्याची तपासणी करून घ्यावी. कॅन्सरचं ऑपरेशन साध्या पिशवीच्या ऑपरेशनहून बऱ्याचदा मोठं असतं. अपुरं झालं तर पुन्हा उपचार करावे लागतात. रोग अगदी लहान असेल तर तोंडाचा थोडा भाग काढूनही भागतं, पुढे मूल होऊ शकतं. गाठ मोठी असेल तर किरणोपचार आणि सोबत केमो देतात.

परळच्या टाटा रुग्णालयाचं केंद्र आपल्याच जिल्ह्यात, खारघरला आहे. जाताना अहवालाबरोबर तुकड्याच्या काचपट्ट्या आणि ब्लॉकही मागून न्यावेत. किरणोपचार आठवड्याला 5 दिवस, साधारण 5 आठवडे चालतात. श्रीवर्धन-मुरूडहून रोजची ये-जा जमणार नाही; राहण्याची सोय आधी बघावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटावे.

उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या बायकांची एकदाच एचपीव्ही चाचणी केली, तर या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असं 2009 साली प्रसिद्ध झालं. ग्रामसेवक, सरपंचांनी तिशीपुढच्या बायकांना तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. लावणीला चार माणसं जास्त लावता येतात. तपासणीला उशीर करू नये.