पाणी जाताना काय करून जाते?

सुती पंचा धुऊन दोरीवर टाकला की वाळल्यावर पापडासारखा ताठ होतो. ओला असताना तर तो मऊ होता! मग वाळताना काय घडले?

कापसाचे तंतू सेल्युलोजचे असतात. पाणी उडू लागले की तंतूंमध्ये उरलेला पाण्याचा पापुद्रा पृष्ठताणामुळे त्यांना जवळ ओढतो. तंतू भिडले की त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात. कागद बनतो तो याच ओढीमुळे.

पण हीच ओढ कधी नकोशी होते. दिवाळीच्या सुमारास शहापूर-मुरबाडकडे भाताची झोडणी होते व पेंढा उरतो. त्याच्या कोरड्या वजनात सुमारे एक तृतीयांश सेल्युलोज असते. लिग्निन व सिलिका काढून टाकून लगद्याचे तंतू यंत्राने फोडले, की काही नॅनोमीटर जाडीचे धागे मिळतात. (१ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) पाण्यात असे जेमतेम १ टक्का धागे असले तरी दह्यासारखे जेल तयार होते. त्यातले पाणी काढून जाळी तशीच राखता आली, तर थर्मोकोलसारखा हलका फेस मिळेल. उन्हात वाळवले तर मात्र हाती येते कडक चकती.

का, ते आकडे सांगतात. छिद्रातील ओढीचा दाब जास्तीत जास्त २ × पृष्ठताण ÷ त्रिज्या इतका असतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन. छिद्राची त्रिज्या १० नॅनोमीटर धरली, तर हा दाब वातावरणाच्या सुमारे १४० पट येतो! अल्कोहोलचा पृष्ठताण ०.०२२, म्हणजे दाब तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून पाण्याच्या जागी हळूहळू अल्कोहोल भरून मग वाळवतात.

दुसरी वाट गोठवून सुकवण्याची. यात बर्फाची थेट वाफ होते. पण वाढणारे बर्फाचे स्फटिक धाग्यांना बाजूला रेटतात व छिद्रे मोठी होतात. तिसरी वाट अमेरिकेतील सॅम्युएल किस्लर यांनी १९३१ साली दाखवली : उष्णता व दाब वाढवून द्रव आणि वायू यांतील सीमाच पुसायची. सीमा नाही, तर ओढही नाही.

वर्गात करून पाहा. रद्दी कागदाच्या लगद्याच्या दोन सारख्या चकत्या करा. एक तशीच वाळवा. दुसरी पिळून स्पिरिटमध्ये बुडवा, तीन-चार वेळा स्पिरिट बदला व मग वाळवा. (जवळ ज्योत नको, खिडक्या उघड्या हव्यात.) दोन्हींची जाडी मोजा, मोडून पाहा. दुसरी अधिक भुसभुशीत का?

मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नॅनोसेल्युलोजचा पथदर्शी प्रकल्प आहे. पेंढ्याचा असा उपयोग करायचा, तर आधी हिशेब मांडावा लागेल. पेंढा हा गुरांचा चाराही आहे. लगदा धुवायला भरपूर पाणी लागते. आणि भातसा-तानसाचे पाणी मुंबईला देणाऱ्या शहापूर तालुक्यातच उन्हाळ्यात काही पाड्यांवर टँकर जातात. वापरलेले अल्कोहोल परत किती मिळवता येईल, आणि धुण्याचे पाणी पुन्हा किती वापरता येईल? फेस स्वस्त की महाग, हे या उत्तरांवर ठरेल.