शिकण्याचा भार कोणाकडे: ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील कौशल्यांची सहा दशके

१ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या एका छोटेखानी समारंभात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एमआयडीसी’ची, स्थापना जाहीर झाली, आणि ठाणे ते कल्याण या रेल्वेपट्ट्याच्या औद्योगिक इतिहासाला नवे वळण लागले. त्यानंतरच्या सहा दशकांत या पट्ट्यातील नोकरदाराला काय यावे लागते हे पुन्हापुन्हा बदलले, आणि या बदलांची नोंद वेळोवेळी झालीही आहे. मात्र नवे काम शिकवण्याचा खर्च कोणी उचलायचा, मालकाने, सरकारने की कामगाराच्या कुटुंबाने, या प्रश्नाचे उत्तर त्याच काळात किती बदलत गेले याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

कारखान्यांच्या पहिल्या पिढीत हे उत्तर बरेचसे स्पष्ट होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ठरावीक उद्योगांवर उमेदवार घेण्याचे आणि त्यांना विद्यावेतन, म्हणजे शिकण्याच्या काळातील मासिक रक्कम, देण्याचे बंधन घातले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आयटीआयमधून, फिटर किंवा टर्नर होऊन आलेला मुलगा उरलेले काम जुन्या कारागिराच्या शेजारी उभा राहून शिकत असे. त्याचे कौशल्य हातात असे: लेथवर कातलेल्या दांड्याचा खडबडीतपणा मायक्रोमीटर लावण्याआधीच बोटांना जाणवणे, धार बोथट झाल्याचे आवाजावरून ओळखणे. अशा कामगाराला शिकवण्यात मालकाचा पैसा आणि वेळ गुंतलेला असल्यामुळे त्याला टिकवून ठेवण्यात मालकाचेही हित होते.

डोंबिवलीचा मार्ग वेगळा होता. या शहराने मुंबईच्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्यांना कारकून व लघुलेखक पुरवले, आणि त्यासाठी लागणारी विद्या स्टेशनजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, घरच्या पैशाने, मिळत असे. मिनिटाला मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द टंकलिखित करण्याचे सरकारी प्रमाणपत्र एकदा हाती आले की ते निवृत्तीपर्यंत पुरे, या हिशेबावर कित्येक मध्यमवर्गीय संसार उभे राहिले. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी झालेला करार आणि त्यापाठोपाठची सी. रंगराजन समिती यांनी या हिशेबाला पहिला तडा दिला; २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांच्या ऐच्छिक निवृत्ती योजनेतून देशभरात सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. त्याच सुमारास, २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा ‘एमएस-सीआयटी’ हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम टायपिंगच्या प्रमाणपत्राच्या जोडीला आला आणि अनेक सरकारी पदांसाठी आवश्यक ठरला. फी पुन्हा घरूनच भरली गेली. फरक एवढाच की टायपिंगसारखे हे प्रमाणपत्र जन्मभर पुरणारे नव्हते.

१९९१ नंतर खुल्या बाजाराचा परिणाम कारखान्यांवर दिसू लागला. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फ्रेंच प्यूजो कंपनीच्या भागीदारीत कल्याणच्या कारखान्यात ‘प्यूजो ३०९’ ही मोटार बनवायला घेतली, पण दशक सरण्याआधीच ती बंद पडली. ठाण्यात रेमंडच्या लोकरी गिरणीच्या जमिनीवर निवासी मनोरे उभे राहिले. सर्वांत खोल जखम मात्र कल्याणजवळच्या मोहोने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या, म्हणजे ‘एनआरसी’च्या, कामगारांना झाली. रेयॉन हा लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा: लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांच्या प्रक्रियेतून मधासारखा दाट द्रव होतो, तो काही काळ मुरवला जातो आणि मग अतिसूक्ष्म छिद्रांच्या तोटीतून आम्लाच्या कुंडात सोडला की त्याचा धागा बनतो. द्रव किती मुरला, धागा का तुटतो, तोटी कधी बदलायची, हे पुस्तकात मिळणारे नव्हे तर वर्षानुवर्षांच्या पाळ्यांनी आलेले ज्ञान होते, आणि शहाडची सेंच्युरी रेयॉन वगळता त्याला जवळपास दुसरे गिऱ्हाईक नव्हते. नोव्हेंबर २००९ मध्ये कारखान्याला टाळे लागले तेव्हा हजारो कामगारांच्या थकीत देण्यांबरोबर हे ज्ञानही एका दिवसात निरुपयोगी झाले. देण्यांचे दावे न्यायालयांत वर्षानुवर्षे चालले. कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेतून अदानी समूहाकडे गेली. पण चाळिशी ओलांडलेल्या त्या कामगाराने पुढे काय शिकावे आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न कोणत्याही सुनावणीचा विषय नव्हता.

याच कल्याणमध्ये, मोहोन्यापासून काही किलोमीटरवर, नेमके उलटे उदाहरण घडले आणि ते विसरता कामा नये. मध्य रेल्वेची विद्युत इंजिने सांभाळणाऱ्या कल्याण शेडचे सारे काम कित्येक दशके १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाभोवती, म्हणजे बोलीतल्या ‘डीसी’भोवती, बांधलेले होते. त्या इंजिनाच्या मोटारीत फिरत्या तांब्याच्या नळकांड्यावर कार्बनचे ठोकळे टेकलेले असतात. ते झिजतात, ठिणग्या पडतात, काजळी साचते. ठोकळ्याची उरलेली लांबी मोजणे, स्प्रिंगचा दाब तपासणे आणि तांब्याचा रंग पाहून बिघाडाचा अंदाज बांधणे ही तिथल्या तंत्रज्ञाची विद्या होती. मुंबईच्या मुख्य मार्गाचे २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर, म्हणजे ‘एसी’वर, रूपांतर २०१५ मध्ये पूर्ण झाले, दरम्यान दोन्ही प्रवाहांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-३ ही इंजिने कल्याणने सांभाळली आणि पुढे तिथे डब्ल्यूएजी-९ जातीची थ्री-फेज इंजिने आली. या इंजिनांच्या मोटारींत कार्बनचे ठोकळेच नसतात. वेग आणि ओढ ठरवतात ते अर्धवाहकांचे कन्व्हर्टर, आणि बिघाड कळतो तो चालकासमोरच्या पडद्यावर उमटलेल्या संदेशातून. एवढी उलथापालथ होऊनही डीसी विद्या कालबाह्य झाली म्हणून शेडच्या कायम कर्मचाऱ्यांना घरी पाठवले गेले नाही. त्यांना प्रशिक्षण देण्यात आले, आणि तेही पगारी वेळेत. सार्वजनिक उपक्रमाला हे परवडते आणि खासगी कारखान्याला परवडत नाही, असे म्हणून हा फरक बाजूला सारता येणार नाही. इथे बदलाची चाहूल आधी लागलेली होती, त्यासाठी वर्षे हाताशी ठेवलेली होती आणि शिकवणे ही मालकाची जबाबदारी मानलेली होती.

नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली आणि ऐरोलीच्या माहिती तंत्रज्ञान संकुलांकडे जाणारी गर्दी ठाण्याच्या फलाटांवर वाढली. वागळे इस्टेट, पोखरण रस्ता आणि घोडबंदर रस्ता इथेही काचेची कार्यालये उभी राहिली. या नव्या क्षेत्रात कंपन्यांनी सुरुवातीला नव्या पदवीधरांना महिनोन्‌महिने शिकवले, पण संगणकभाषा आणि साधने काही वर्षांतच जुनी होऊ लागल्यावर पुढचे शिकणे हळूहळू नोकरदाराच्या रात्रींवर आणि सुट्ट्यांवर ढकलले गेले. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात, २०३० पर्यंत नोकरदारांच्या मूळ कौशल्यांपैकी ३९ टक्के बदलतील, असे मालकांचे अनुमान नोंदवले आहे; त्याच वर्षी जुलैमध्ये ठाण्यात मोठी कार्यालये असलेल्या टीसीएसने जगभरातील १२ हजारांहून अधिक पदे कमी करण्याचे जाहीर केले आणि त्यांत मधल्या व वरच्या फळीचा वाटा मोठा असेल असे सांगितले. म्हणजे मोहोन्याच्या कामगाराला चाळिशीत भेडसावणारा प्रश्न आता घोडबंदरच्या मनोऱ्यांतील गृहकर्ज फेडणाऱ्या व्यवस्थापकाच्या दारातही आला आहे.

या प्रश्नाला कायद्याने दिलेले पहिले थेट उत्तर म्हणजे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतील कामगार पुनर्कौशल्य निधी. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांच्या अखेरच्या वेतनाइतकी रक्कम या निधीत भरायची आणि कपातीनंतर ४५ दिवसांत ती कामगाराच्या खात्यात जमा व्हायची, अशी त्यातील तरतूद आहे. शिकवण्याची जबाबदारी मालकाची आहे हे तत्त्व इथे पुन्हा मान्य झाले, ही मोलाची गोष्ट आहे. मात्र त्याच संहितेने कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची अट १०० ऐवजी ३०० कामगारांच्या आस्थापनांपासून पुढे लागू केली. शिवाय या निधीतून जेमतेम पंधरवड्याचे वेतन मिळते, आणि आयटीआयमधला इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे.