खाऱ्या वाऱ्यापासून भिंतींचे रक्षण

आमच्या नायगावातील बी. डी. डी. चाळी सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतर सिमेंट-काँक्रीटच्या बांधल्या. दमट खारी हवा काँक्रीटमध्ये मुरली, की आतील सळया गंजतात. गंज फुगून वरचे कवच फोडतो. हे नित्य डोळ्यांसमोर असूनही कोकणातील घराच्या पश्चिमेकडील जांभ्याच्या भिंतीस मी निवृत्तीच्या पैशातून जस्ती पत्रा ठोकविला, तोही साध्या खिळ्यांनी! तिसऱ्याच पावसाळ्यात खिळ्यांभोवती भोके पडली. दोष पत्र्याचा थोडा, माझ्या काटकसरीचा फार.

जांभ्यास चुन्याचा गिलावा उत्तम. सिमेंटचा घट्ट गिलावा आत शिरलेली ओल कोंडून ठेवितो. पावसाळ्यापुरत्या माडाच्या झापांच्या झडी बांधणे सर्वांत स्वस्त, मात्र त्या दरसाल नव्या कराव्या लागतात. पत्राच हवा असल्यास सागाच्या पट्ट्या मारून भिंतीपासून बोटभर पोकळी ठेवावी, तळाशी पाण्यास वाट द्यावी. स्क्रू जाड जस्ती मुलाम्याचे व रबरी चकतीचे घ्यावेत. तांब्याचा खिळा जस्ती पत्र्यास कदापि लावू नये, त्याच्या सान्निध्यात जस्त लवकर झिजते. कापलेल्या कडांस जस्तयुक्त रंग द्यावा.

वळचणीखाली पाऊस पोहोचत नाही. तेथेच मीठ साचून पत्रा आधी खातो. तेवढा भाग पावसाळा सरल्यावरही अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावा.