कारागृहातील पहिला मुक्काम

नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहासारख्या कारागृहात नव्याने दाखल होणारा बंदी थेट नेहमीच्या बराकीत जात नाही. प्रथम झडती, मग जवळील पैसे व वस्तू यांची नोंद, नंतर वैद्यकीय तपासणी. अंगावरील जखमादेखील लिहून घेतल्या जातात. त्याला कोठे ठेवावयाचे, हे त्यानंतर ठरते. हा मुक्काम कायमचा नव्हे. न्यायालयाचा निकाल लागला की वर्ग बदलतो आणि त्याबरोबर जागाही.

लोकांच्या बोलण्यातला ‘कच्चा कैदी’ म्हणजे न्यायाधीन बंदी, आणि ‘पक्का’ म्हणजे सिद्धदोष बंदी. या दोघांना अलग ठेवण्याचा दंडक १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम २७ ने घालून दिला. स्त्रियांना पुरुषांपासून, दिवाणी बंद्यांना फौजदारी बंद्यांपासून आणि २१ वर्षांखालील पुरुषांना इतरांपासून वेगळे ठेवण्याची तरतूदही त्यातच होती. ज्याचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही, त्याला मुरलेल्या गुन्हेगाराची संगत घडू नये, हा त्यामागील हेतू उघड आहे. जागा अपुरी पडली की या हेतूलाच प्रथम बाध येतो.

अशा प्रसंगासाठी कलम ७ मध्ये तात्पुरत्या कारागृहाची सोय केलेली होती. बंदी सोयीपेक्षा अधिक झाले व त्यांना अन्यत्र हलविणे शक्य नसले, अथवा साथ उद्भवली, तर ही तरतूद लागू होई. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत राज्यात ठिकठिकाणी शाळा व वसतिगृहे यांच्या इमारतींत अशी तात्पुरती कारागृहे उघडण्यात आली. नव्या बंद्यांस काही दिवस तेथे ठेवून मगच मुख्य कारागृहात नेण्यात येत असे.

वर्गवारीचा आधार कोणता असावा, यालाही मर्यादा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून बंद्यांची विभागणी व कामवाटप घटनाबाह्य ठरविले आणि नोंदवहीतील जातीचा रकाना वगळण्याचा आदेश दिला.

सर्वांत नाजूक प्रश्न वयाचा. १८ वर्षांखालील मुलाला कारागृहात ठेवताच येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र पाहिले जाते. ते नसल्यास नगरपालिका अथवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला.  दोन्ही कागद नसतील तरच अस्थि-तपासणी करावी लागते, आणि तिच्यातून वय अंदाजानेच कळते.