कॅमेरा तिथे आधीच कसा?

जुनी सनसनाटी डॉक्युमेंटरी बघताना माझं लक्ष आधी कॅमेऱ्याच्या जागेकडे जातं. माहितीपटांचं संकलन हा माझा पेशा आहे, आणि रशेस, म्हणजे न कापलेलं कच्चं चित्रीकरण, बघूनबघून ही सवय लागली आहे. अचानक घडलेली गोष्ट कॅमेऱ्यात सहसा एकाच बाजूने येते, तीही हलती, अर्धवट, कुणाच्या तरी खांद्याआडून. तीच घटना समोरून, बाजूने, जवळून अशी सगळीकडून स्वच्छ दिसू लागली, की तिची तयारी आधीच झाली होती असं मी धरून चालते.

‘फेसेस ऑफ डेथ’ हा १९७८चा अमेरिकी चित्रपट घ्या. हॉटेलातल्या टेबलाला भोक, त्यातून वर आलेलं जिवंत माकडाचं डोकं, भोवती पर्यटक, हातात हातोडे. मग मेंदू ताटात. हे सगळं खरंच घडलं असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मला आजही भेटतात. हातोडे फोमचे होते आणि मेंदू म्हणजे रंग ओतलेला फ्लॉवर. गंभीर चेहऱ्याने निवेदन करणारे डॉ. फ्रान्सिस ग्रोस म्हणजे मायकेल कार नावाचा नट. मात्र याच चित्रपटात कत्तलखान्याची खरी दृश्यं आहेत, बातमीपटांतले खरे तुकडे आहेत. खऱ्याच्या शेजारी बसवलं की खोटंही खरं वाटू लागतं. हे काम कात्रीचं आहे, म्हणजे माझ्याच पेशाचं, म्हणून मला त्याचा जास्त राग येतो.

या प्रकाराला ‘मोंडो’ हे नाव मिळालं ते १९६२च्या ‘मोंडो काने’ या इटालियन चित्रपटावरून. जाकोपेत्ती, कावारा आणि प्रोस्पेरी हे त्याचे दिग्दर्शक. यात दाखवलेलं सगळं खरं आहे, अशी ग्वाही तो सुरुवातीलाच देतो. त्यातलं बिकिनी बेटावरचं कासव बघा. अणुचाचण्यांमुळे त्याचा दिशाबोध गेला, ते समुद्राऐवजी आत जमिनीकडे जाऊन मरतं, असं निवेदक सांगतो. आता आवाज बंद करा. वाळूत दमलेलं एक कासव, एवढंच चित्रात उरतं. किरणोत्सर्ग फक्त निवेदकाच्या तोंडी आहे. शंका आली की मी आवाज बंद करूनच बघते.

आणि हे फक्त बदनाम मंडळींनीच केलं असंही नाही. डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ला (१९५८) ऑस्कर मिळालं. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून झुंडीने समुद्रात उड्या टाकताना दिसतात. चित्रीकरण झालं कॅनडातल्या अल्बर्टामध्ये, जिथे समुद्रच नाही. मॅनिटोबातल्या इन्युइट मुलांकडून लेमिंग विकत आणले, बर्फ पसरलेल्या फिरत्या तबकडीवर पळवले आणि शेवटी नदीत ढकलले. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने १९८२मध्ये हे उघड केलं. लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात ही समजूत मात्र अजून पुसली गेलेली नाही.

मला सर्वांत जास्त छळतो तो ‘आफ्रिका आद्दिओ’ (१९६६). जाकोपेत्ती आणि प्रोस्पेरी यांचाच. काँगोतली माणसं मारण्याची दृश्यं कॅमेऱ्यासाठी घडवून आणली, असा आरोप जाकोपेत्तीवर झाला आणि त्यातून तो निर्दोष सुटला. चित्रपट वंशद्वेषी आहे याबद्दल मला शंका नाही. युरोपीय गेले की आफ्रिका रानटी होते, हे त्याचं निवेदन पदोपदी सुचवत राहतं. पण जानेवारी १९६४मधल्या झांझिबारच्या क्रांतीनंतर तिथल्या अरबांची जी कत्तल झाली, तिची आकाशातून टिपलेली दृश्यंही याच चित्रपटात आहेत. त्या हत्याकांडाची इतकी थोडी चित्रं मागे राहिली आहेत, की हे तुकडे साक्षीसारखे जपायला हवेत. वर संगीत चढवलेलं, आजूबाजूला द्वेषाने भरलेलं निवेदन. त्यामुळे पुष्कळ जण चित्रपटाबरोबर ती कत्तलही बनावट म्हणून झटकून टाकतात. मेलेल्या माणसांवर हा दुसरा अन्याय आहे. ते तुकडे चित्रपटातून वेगळे काढून, संगीत आणि निवेदन उतरवून, फक्त तारीख आणि ठिकाण लिहून दाखवले जावेत, असं मला फार मनापासून वाटतं.